दामिनी मॅडमची वही आणि माझे वीस किलो

आजच्या निरोपसभेचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक आदरणीय डॉ. वीरेंद्र साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आणि ज्या बदली होऊन उद्यापासून देवरीच्या होणार आहेत त्या आपल्या समुपदेशक दामिनी मॅडम, परिचारिका भगिनींनो आणि आमच्या मंगळवारच्या वजन गटातल्या सोबत्यांनो,

मी पुष्पाबाई, अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं दर महिन्याला गावच्या लेकरांची वजनं घेते. पण स्वतः काट्यावर कधी उभी राहिले? नाही. कारण आकडा काय येईल हे मला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या, ईश्वरदासच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस. माझी किडनी त्याला जुळली. मी नाचायचीच बाकी होते. पण नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं वजन शहाण्णव. वीस किलो कमी करा, मग बोलू. एवढ्या वजनावर ऑपरेशन तुमच्याच जिवावर बेतेल."

भाऊ मला म्हणाला, "राहू दे व ताई. मी चालवून घेईन." सांगा, कोणत्या बहिणीला हे ऐकवेल?

मी उपास धरला. नऊ दिवस नुसतं भाजीचं पाणी. दहाव्या दिवशी अंगणवाडीत लेकरांसमोर चक्कर येऊन पडले. आमचे हे, शालीकराम, ओरडले, "काऊन उपाशी मरून राहिली? भावाले किडनी देतेस का जीव देतेस?" पाच किलो उतरले होते, दोन महिन्यांत सात चढले. तेव्हा रडत इथे आले.

मला वाटलं, मॅडम भात बंद करतील. त्यांनी हातात वही दिली. "ताई, पंधरा दिवस काही सोडू नका. फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, कुठं बसून, आणि तेव्हा मनात काय चाललं होतं."

आता अध्यक्षांसमोर कबुली देते, पहिल्या आठवड्यात मी वहीतही खोटं लिहिलं! दुसऱ्या आठवड्यात खरं लिहिलं. वही वाचून मॅडमनी विचारलं, "ताई, सोमवारी आणि गुरुवारी चार वाजताच चिवडा का?" सोमवार-गुरुवार भावाचं डायलिसिस. चारला त्याचा फोन यायचा, आवाज थकलेला. फोन ठेवला की मी डब्याशी उभी राहून मूठमूठ चिवडा खायची. मॅडम हळूच म्हणाल्या, "ही भूक पोटाची नाही, भीतीची आहे."

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. चिवड्याचा डबा घरातूनच गेला. फोन झाला की मी आणि हे धानाच्या बांधावरून चालून यायचो. मनातलं ह्यांच्याशी बोलायचं. जेवण बसूनच, टीव्ही बंद करून, लहान ताटात. भात सुटला नाही, तीन वेळचा एक वेळ झाला. दर मंगळवारी वजन. कधी अर्धा किलो, कधी काहीच नाही.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, आली. पाहुणे, पुरी, करंज्या, रात्रभर दंडारीचे नाच-नाटक. चार दिवसांत दीड किलो! लाजेनं दोन मंगळवार आलेच नाही. तिसऱ्या सोमवारी मॅडमचा फोन, "ताई, वही कोरी असली तरी या." आले. रागावतील वाटलं, तर म्हणाल्या, "मंडई पुढच्या वर्षीही येणार. तेव्हा काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवू." कुणी असं शिकवतं का हो?

तेरा महिन्यांनी काटा शहात्तरवर थांबला. नागपूरला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर पडलेली, आणि परिचारिका धावत आली, व्यासपीठाची क्षमा मागून सांगते, "ताई, भावाला लघवी झाली!" दोन वर्षांत थेंब नव्हता. लघवी झाली म्हणून वॉर्डात पेढे वाटलेले तुम्ही कुठं पाहिलेत? आम्ही वाटले! तो ईश्वरदास तिसऱ्या रांगेत बसलाय. ऊठ रे बाबू, दिस सगळ्यांना. यंदा त्यानं स्वतः चिखलात उतरून धानाची रोवणी केली.

आणि माझं वजन? ऑपरेशनला दीड वर्ष झालं, अजून शहात्तर-सत्त्याहत्तर. उतरवण्यापेक्षा टिकवणं अवघड, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून मंगळवार सोडलेला नाही. मॅडम गेल्या तरी आमचा गट भरणारच. काटा मी धरणार, तेवढं काम मला येतं.

मॅडम, देवरीकरांना तुम्ही मिळताय, ते भाग्यवान. आमच्या दोन घरांत आज हसू आहे ते तुमच्यामुळे. अध्यक्ष साहेबांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला. त्यानं वजन वाढत नाही, मी मॅडमना विचारून घेतलंय.