होड्या येईपर्यंतचं विणकाम

माजा जलम मोऱ्याचा, उरनच्या मोऱ्याचा, जिथनं भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते ना, तितला. माहेरचं नाव काशी, सासरी आल्यावर रंगू ठेवलं, आता दोनी नावानं हाक मारनारं कोन राह्यलं नाय, सगळी आजीच बोलतात. बापूस माजा होडी घेऊन जायचा आन परत आला की दारात बसून जाळं विनायचा. बांबूची चपटी सुई, तिच्यात सूत भरलेलं, आन हातात एक बांबूची पट्टी, पट्टीवरनं सूत घ्यायचं, गाठ मारायची, पुडं सरकायचं, पट्टी जेवडी रुंद तेवडा जाळ्याचा डोळा. आमच्यात जाळं विनायचं काम बाप्यांचं, बायांनी मासळी विकायची, पन मला भाऊ नव्हता, मंग बापूस मलाच जवळ बसवायचा. बोलायचा काशे, गाठ अशी मार की जाळं फाटंल पन गाठ सुटनार नाय. ते माज्या हातात बसलं. बाकी शाळा-बिळा काय नाय.

मंग मला वाशीला दिली. आता तू वाशी बोललीस की तुज्या डोळ्यासमोर स्टेशन येतं, मार्केट येतं, तवा तसलं काय नव्हतं गं बाय. कोळीवाडा, आगरी लोकांची घरं, भातशेती, मिठागरं आन समोर खाडी, पल्याड जायचं तर होडी. घरात सासू, सासरा, दोन दीर, एक जाव, तिची चार पोरं, लग्नाची ननंद. पहाटं विहिरीवर, मंग भाकऱ्या, ह्याला न्याहारी त्याला न्याहारी, मंग बंदरावर, मासळी निवडायची, पाटी डोक्यावर घेऊन पल्याड विकायला जायचं, आलं की परत चूल. काय सांगू तुला, मानसांनी भरलेलं घर, पाय ठेवायला जागा नाय, आन मी त्यात एकटी. घरवाला बोटीवर. मासळीच्या नाय, मोठ्या बोटीवर, परदेशी जायची ती, इंजिनात काम. हळद उतरली नव्हती अंगावरची तर गेला, तो वरसाच्या वर झाल्यावर आला, म्हैना-दीड म्हैना राह्यला, परत जायची तयारी. पत्र यायचं, नाय असं नाय, पन ते शाळेचे गुरजी सगळ्यांसमोर वाचायचे. आईस-बाबास नमस्कार, लहानांस आशीर्वाद. त्यात मी कुटं? बायकोचं नाव लिवायची रीत नव्हती. मी दाराआड उभी राहून ऐकायची आन लहानांस बोलले की तेच आपल्याला समजायची.

तर तो दुसऱ्या बारीला निघाला तवा मी पोटुशी व्हते. तो मागच्या पडवीत ट्रंक भरत व्हता, मी त्याचे सदरे घडी करून देत व्हते आन मला रडू फुटलं. म्हंजे साधं नाय, हुंदके देऊन. तो घाबरला. मानूस तसा गप, चार शब्द बोलायचा तर तीन गिळायचा. त्यानं ट्रंकेच्या तळातनं एक पुडकं काढलं, निळी लोकर आन दोन लांब लोखंडी सुया, कुटल्या बंदरात खलाशांनी घेतली म्हनून ह्यानं पन घेतली व्हती, कोनाला द्यायची ते माहीत नाय. माज्या मांडीवर ठेवलं आन बोलला, मला सेटर विन. तिकडं लय थंडी, हाडं गोठतात. परत येईन तवा घेऊन जाईन. बस, एवडंच. मी डोळे पुसले. मला वाटलं, घरात सगळ्यांसाठी राबते, आज माज्या मानसानं माज्याकडं कायतरी मागितलं.

आता सेटर मी जलमात बघितला नव्हता धड. आमच्याकडं थंडी ती केवडी, गोदडीत जाते. दोन सुया कशाला तेच कळंना. मी बोलले दुसरी असंल मोडली तर लागंल म्हनून. मंग काय केलं मी, त्या लोखंडी सुया बाजूला ठेवल्या, बापसानं दिलेली जाळ्याची सुई काढली, तिच्यात लोकर भरली, पट्टी घेतली आन सुरू. पक्क्या गाठी. पाठ विनून झाली, हात लावला तर बोट आरपार! सासूनं दोनी हातानं धरून उजेडाकडं केलं, तिला माजं अख्खं तोंड दिसलं त्यातनं. बोलली, रंगे, ह्यात बोंबील पन राहनार नाय गं, तुजा नवरा कसा राहंल? सगळा वाडा हसला. जावेची पोरं ते डोक्यावर घेऊन नाचली. हसू मला पन आलं, पन आत मेल्यागत झालं.

शेवटी गुरजींच्या घरच्या बाईंकडं गेले, त्या घाटावरच्या, त्यांना मास्तरीनबाय बोलायचे सगळे. त्यांनी बघितलं, हसल्या नाय. दोन सुया हातात धरून दाखवलं, हे सुलट, हे उलट. बोलल्या, ह्यात गाठ नसतेच रंगूबाई, एक ओढलं की सगळं सुटतं. मला इतकं भ्या वाटलं, जे सुटतं ते मानसाच्या अंगावर कसं घालायचं? पन शिकले. पयली लोकर मात्र वाया, बापसाच्या गाठी त्या, सोडवता सुटंना, कापूनच काढाव्या लागल्या. राह्यलेल्या लोकरीत अंग तेवडं झालं, बाह्यांना निळी मिळाली नाय, मास्तरीनबायनी त्यांच्या पोराचा जुना तपकिरी सेटर उसवून दिला. अंग निळं, बाह्या तपकिरी.

पन विनायचं कवा? घरात तर बुड टेकलं की कोनीतरी हाक मारनार. रंगू पानी, रंगू पोराला घे, वयनी भात. सुया हातात दिसल्या की सासू बोलायची, हात रिकामे दिसतात गो तुजे. तुला वाटंल भांगात सुट्टी असंल, भांग म्हंजे अष्टमीच्या आसपासचे दिस, पानी मंद असतं, होड्या जास्त जात नाय, पन तवा तर जास्तच मरन, सुकट वाळव, जाळी उचल, घर सारव. येळ कुटं गावला सांगू? बंदरावर. होड्या भरतीबरूबर आत येतात, पानी नसंल तर खाडीत नुसता चिखल, होडी लागनार कशी? तवर आमी बायांनी पाट्या घेऊन बसायचं आन वाट बघायची. ते बसनं हे पन कामच, तिथं कोन मला उठवनार? आन भरती रोज थोडी थोडी उशिरा येते, मंग माजा येळ पन रोज सरकायचा, आज न्याहारीनंतर, चार दिसांनी जेवनवक्ती, मंग दिवस कलताना. मास्तरीनबाय घड्याळ बघून विनायच्या, मी चांद बघून. बाकीच्या बाया तंबाखू मळायच्या, भांडायच्या, पाटीला टेकून घोरायच्या. मी बांधावर बाजूला बसायची. हातांना मासळीचा वास, राखेनं घासले तरी जात नाय, लोकरीत खवलं अडकायची, निळ्यावर कशी चकाकायची ती.

आन तिथं मी त्याच्याशी बोलायची. येडी बोल मला पायजे तर. पोरगा झाला तवा त्याला सांगितलं, बघ तुज्यासारकं कपाळ हाय. पोराला ताप आला तवा सांगितलं. सासूनं काय बोललं, जावेनं तेल कसं लपवलं, सगळं. एक वळ सुलट, एक वळ उलट, आन तो आपला ऐकतो. मदीच कदी बोलायचा नाय, पन तो समोर असला तरी कुटं बोलत व्हता! एकदा मात्र अडले. खांद्याचं माप घ्यायचं व्हतं. मी हात पसरून आठवायला लागले की त्याचा खांदा केवडा, आन मला येईना. डोळे मिटले, तोंड आठवलं, आवाज आठवला, खांदा नाय आठवला. लग्नाच्या नवऱ्याचा खांदा! दिराला उभं करून माप घेतलं असतं, पन लोकांनी तोंडात शेन घातलं असतं. शेवटी त्याचा जुना सदरा पेटीतनं काढला, बांधावर पसरला आन त्याच्यावर सेटर ठेवून बघितला. बाया बोलल्या, रंगी सदऱ्याशी संसार करते. मी बोलले, करते, तुमच्या पोटात का दुकतं? त्या दिवशी मी लय रडले, पन ते पाटी डोक्यावर घेतल्यावर, पानी गळतंय का डोळे ते कोनाला कळत नाय.

एकदा काय झालं, मी एक वळ पुरी करत बसले आन होड्या लागल्या. वळ अर्दी सोडली तर टाके सुटतात, मी बोलले होऊ दे एवडी. तवर दुसऱ्या बायांनी चांगली मासळी उचलली, पाट्या भरून पयल्या होडीनं पल्याड गेल्या पन, आमच्या वाट्याला बारीक-सारीक. सासूचं डोकं फिरलं. तिनं माज्या हातातनं विनकाम ओढलं आन चिखलात फेकलं, लांब. बोलली, घे, तिथं विन! मी लुगडं वर खोचलं आन गेले. गुडघाभर चिखल, मंग मांडीभर, पानी चडत व्हतं, बांधावरनं राह्यलेल्या बाया वरडतात रंगे फिर, रंगे मरशील. मी ते घेऊनच आले. सुया त्यातच व्हत्या, थोडे टाके सुटले व्हते. विहिरीवर तीनदा धुतलं, वाळवलं, आन दुसऱ्या दिवशी सासूच्या शेजारीच बसले विनायला. ती बघत व्हती. मंग बोलली, होड्या दिसल्या की मी सांगते, तू खाली बघ. त्याच्यापुडं ती कदी बोलली नाय मला त्यावरनं.

तो आला, सेटर घातला, सगळ्या घरानं बघितला. बाह्या लांब झाल्या व्हत्या. बोलला बरा हाय, आन ट्रंकेत ठेवला. मंग दर बारीला कायतरी. मफलर केला, कानटोपी केली, मोजे केले, आनकी एक सेटर केला बिनबाह्यांचा. सात-आट वर्सं असंच चाललं, तो जायचा, मी बांधावर. दोन पोरगे, एक पोरगी झाली मला, तिगांच्या बारशाला बापूस नव्हता.

मंग तो कायमचाच आला. छातीत कोळशाची धूळ, दम लागायचा, बोटीवर घेईनात. तो खाटेवर पडलेला आन मी ट्रंक उघडली, कपडे धुवावे म्हनून. वर सदरे, आन खाली सगळं माजं, घडी घातलेलं. सेटर, मफलर, टोपी, मोजे. नवं कोरं गं. गळा ढिला नाय, कोपर घासलेलं नाय, लोकरीत माजी खवलं तशीच चिकटलेली. बोटीवर एकदा पन अंगात घातलं नव्हतं. मी ते सगळं त्याच्या पायाशी टाकलं आन बोलले, हे काय? तो बोलला, अगं इंजिनात आग असते, आमी बनियन पन घालत नाय. मी बोलले, मंग मागितलास कशाला? तो मोज्यांची घडी घालत राह्यला. मी परत इचारलं. तर बोलतो, तू रडत व्हतीस.

मला इतका राग आला बाय, इतका राग आला, मी त्याच्याशी बोलायचंच सोडलं किती दिवस. चिखलात मरनार व्हते मी त्याच्यापायी! जिंदगीभर थाप विनत बसले. मंग राग उतरला तवा दुसरंच कळलं. मी बोलायचं सोडलं तरी घरात काय फरक पडला नाय. आमाला बोलायला यायचंच नाय एकमेकांशी. बांधावर ज्याच्याशी मी बोलायची तो ऐकनारा मानूस येगळा, आन हा खाटेवरचा खोकनारा येगळा, ह्याला मी पावन्यासारका चा द्यायची. त्याला पन तसंच असनार. त्याच्या मनात पन एक रंगू असंल, इंजिनासमोर, ती काय माज्यासारकी नसंल. तरी एक करायचा तो. मी बंदरावर जायची तवा हळूहळू मागनं यायचा, बांधावर बसायचा, मी विनायची, तो लोकरीचा गोळा घरंगळू नये म्हनून हातात धरून ठेवायचा. बोलनं काय नाय. मला धागा पायजे असला की गोळा जरा ढिला करायचा. तेवडीच काय ती आमची सोबत, ती पन दोनच वर्सं मिळाली.

आता पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय, नातवंडं कामाला जातात, सकाळी लॅच लावून सगळी बाहेर, मी आन टीवी. हाताला कंप हाय, टाका उचलत नाय. येळच येळ हाय बघ, भरती कदी येते ते पन मला कळत नाय इथं बिल्डिंगमदी. तू माजं सगळं मोबाईलमदी भरून घेतलंस, बरं झालं, कोनी इचारत नाय. लगीन ठरलंय बोललीस ना तुजं? सुखी रा बाय. नवरा कमावता असूदे, कमी असूदे, बोलका असूदे, मुका असूदे. त्यानं तुज्याकडं काय मागू नये, तू त्याला काय करून पाठवायची पाळी येऊ नये. त्यानं आपलं संध्याकाळी घरी यावं, आन त्याचा खांदा तुला न बघता सांगता यावा.