राजीनाम्याशिवाय निरोप

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले व्यवस्थापक साहेब, निरोप समारंभ समितीचे कार्यतत्पर सदस्य, ज्यांच्यासाठी हा हार-तुऱ्यांचा खर्च झाला त्या आपल्या धाकट्या बाई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मंगळवार, सहा मे, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगते आहे, कारण पुढे जे बोलणार आहे ते सगळं त्या मिनिटाभोवती फिरतं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत अशी समितीची विनंती होती. दोन शब्दांत उरकणारं प्रकरण असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं.

नव्यांपैकी बरेच जण मला ओळखत नसतील. आपली कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि आपल्या मदतकक्षात फोन वाजतो. त्या फोनवर निवृत्त होईपर्यंत मी बसत होते. त्याच काळात माझ्या हाताखाली ही आली. मी मोठ्या बाई, म्हणून ही धाकट्या बाई. आता तिचे केस माझ्याइतकेच पिकले आहेत, पण मी तिला धाकटीच म्हणते आणि ती मला बाई म्हणते. आज तिचा निरोप समारंभ आहे. भाषणं झाली, फुलं झाली, केक कापून झाला. ती किती मनमिळाऊ आहे हे चार जणांनी सांगितलं. एक छोटी गोष्ट मात्र सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. ती म्हणजे, तिने नोकरी सोडलेली नाही.

बसा, साहेब. पाणी प्या. मी सावकाश सांगते.

राजीनामा कुणी पाहिला आहे का? समितीने पाहिला? या कंपनीत टेबलाचा खण अडकतो म्हणून अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज दोन टेबलं फिरतो आणि तोपर्यंत खण आपोआप उघडतो. इतक्या शिस्तीच्या ठिकाणी एका बाईला निरोप दिला जातो आणि तिच्या राजीनाम्याचा कागद कुणालाच आठवत नाही, याला काय म्हणावं?

झालं ते असं. एका बड्या विमा कंपनीचे एक अधिकारी आपल्या देखभालीतल्या एका इमारतीत अडकले. चौथा आणि पाचवा मजला यांच्यामध्ये. माणूस मोठ्या हुद्द्यावरचा, पण लिफ्टमध्ये हुद्दा कामाला येत नाही. लाल बटण दाबून त्यांनी धाकटीला आधी दरडावलं, मग कंपनी बंद पाडण्याची धमकी दिली, मग आवाज अगदी बारीक झाला. धाकटी लाइनवर थांबली. त्यांना कोट काढायला लावला, खाली बसायला लावलं आणि मुलीच्या शाळेबद्दल बोलत ठेवलं. दार उघडलं तेव्हा गृहस्थ म्हणे तंत्रज्ञाला सांगत होते, "जरा थांबा हो, त्यांना मुलीची गंमत सांगून संपवतो."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी धाकटीला बोलावणं पाठवलं. आमच्या मदतकक्षाच्या प्रमुख व्हा. पगार इथल्या दीडपट.

रविवारी सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा घेतला आणि म्हणाली, "बाई, मला जायचं नाहीये."

"मग नको म्हणून कळव."

"पण हे इथे सांगावं का? म्हणजे, सांगून पगार मागावा का?"

आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "बरं दिसत नाही ते. दुसरीकडचं स्थळ दाखवून आपल्याच नवऱ्याकडून दागिना मागण्यासारखं आहे."

मी म्हटलं, "तुमच्याकडून दागिना निघाला असता तर मी चार स्थळं दाखवली असती." त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

पण मुद्दा चुकीचा नव्हता. धाकटीलाही तेच टोचत होतं. ती म्हणाली, "धमकी दिल्यासारखं वाटतं, बाई." मी विचारलं, "नुसतं मागून पाहिलंस?" तर म्हणाली, "तीनदा." पहिल्यांदा साहेब म्हणाले, वर्ष संपू दे. दुसऱ्यांदा म्हणाले, वर्ष आत्ताच तर सुरू झालं. तिसऱ्यांदा म्हणाले, आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत. आता कुटुंबात पगार मागायचा नसतो हे मलाही माहीत आहे. पण कुटुंबात हजेरीही लावत नाहीत.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टरांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. मागून खाऊ नये, आणि खोटं बोलून मागू तर मुळीच नये. म्हणून मी धाकटीला सरळ विचारलं, "नाही म्हणाले तर जाशील का? जाणार नसशील तर ऑफरचं नाव काढू नकोस. ते खोटं होईल."

तिने कप बाजूला सारला. म्हणाली, "तिथे सहा मिनिटांत फोन संपवायचा असा नियम आहे. काय बोलायचं ते समोर स्क्रीनवर लिहून येतं. मला जमेल की नाही..."

"जमण्याचं विचारलं नाही मी."

"दुसरी मुलगी सोडून गेल्यापासून मी इथे दोघींचं काम करते, बाई. जेवायला बसले तरी फोन ताटाशेजारी असतो. असंच चालणार असेल, तर जाईन. वाईट वाटेल, पण जाईन."

बस्स. माझ्या लेखी तिथे प्रश्न मिटला. जो खरंच जायला तयार आहे, त्याने थांबण्यासाठी काय हवं ते सांगणं याला धमकी म्हणत नाहीत. समोरच्याला वेळेवर दिलेली माहिती म्हणतात. आणि ती काहीच न सांगता एक दिवस गुपचूप निघून गेली असती, तर याच व्यासपीठावरून कुणीतरी म्हणालं असतं की निदान एका शब्दाने विचारायचं तरी.

मग आम्ही तालीम केली. ह्यांना म्हटलं, तुम्ही साहेब व्हा. धाकटीने सुरुवात केली, "सर, मला एके ठिकाणहून ऑफर आली आहे," आणि हे लगेच म्हणाले, "बरं, किती वाढवू?" जन्मभर घरात हीच सवय. त्यांचा काही उपयोग नव्हता. शेवटी साहेब मी झाले. अंदाजपत्रक तंग आहे म्हणाले. वरून मंजुरी लागते म्हणाले. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं म्हणून खिडकीबाहेरसुद्धा बघितलं. धाकटीने एकेकाला नीट, नम्रपणे उत्तर दिलं. तिची दोन वाक्यं ठरली होती. पहिलं, मला ऑफर आली आहे. दुसरं, पण मला इथेच राहायचं आहे, रिकामी जागा भरा आणि माझा पगार सव्वापट करा. दीडपट नाही, सव्वापट. मी म्हटलं, अगं, कमी का मागतेस? तर म्हणाली, "इथे मला सगळे ओळखतात ना."

आता आपण सहा मेच्या अकरा चाळीसला येतो.

धाकटी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "सर, मला एके ठिकाणहून ऑफर आली आहे." आणि साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन. कधीपासून?"

इतक्या तालमी केल्या, पण अभिनंदनाला काय उत्तर द्यायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दुसरं वाक्य तोंडात होतं ना, मग बोलायचं. मीही तेच म्हटलं. तर तिने काय सांगावं? "बाई, साहेबांचा आवाज घाबरल्यासारखा येत होता." मदतकक्षाचा पहिला नियम आहे, आणि तो तिला मीच शिकवला आहे: घाबरलेला माणूस बोलत असेल तर त्याला तोडायचं नाही. हो हो म्हणायचं आणि बोलू द्यायचं. साहेब बोलत राहिले, ही हो हो म्हणत राहिली. त्यात साहेबांनी समारंभाची तारीख ठरवली, त्यालाही ती हो म्हणाली.

साहेब, पैशाचा विषय निघणार म्हटलं की तुमचा जीव कासावीस होतो, हे मी जाणून आहे. तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट माणसाने निदान घासाघीस केली असती. पण गोदामातले आपले भाऊसाहेब मला परवा बाजारात भेटले. तेही असेच पगाराचं बोलायला गेले होते आणि निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर आले. म्हणाले, "बाई, चांगलं चालतं हो घड्याळ." मदतकक्षातली दुसरी मुलगी गेली तीही तशीच. आणि आपली समिती. या कंपनीत इतक्या वेगाने काम करणारा दुसरा विभाग नाही. दुपारच्या जेवणापर्यंत सूचना फलकावर लागली. तीन वाजता वर्गणीचा डबा फिरत फिरत खुद्द धाकटीच्या टेबलावर आला, आणि तिने वर्गणी दिली. मी विचारलं, का दिलीस? म्हणाली, "डबा समोर धरला, बाई. नाही कसं म्हणायचं?" समोर ठेवलेली ही निळी प्रवासी बॅग, जी तिला आपण प्रेमाने भेट दिली, तिच्या एका चाकाचे पैसे तिचे स्वतःचे आहेत.

थांबा. फोन वाजतोय.

घे, धाकटे. बाहेर नको जाऊस, तिथेच बोल. आम्हाला काही घाई नाही.

...

मंडळी, मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. एका इमारतीत एक बाई आणि त्यांचे वृद्ध वडील अडकले आहेत. तिने आत्ता त्यांना काय विचारलं? "बाबांना टेकायला भिंत आहे ना? मग तुम्हीही त्यांच्या शेजारीच बसा." तिसऱ्या रांगेतले आपले तंत्रज्ञ केकची बशी खुर्चीवर ठेवून निघाले आहेत. वाट द्या त्यांना. बशी कुणी उचलू नका.

तिचं चालू दे, माझंही चालू राहील. सत्कारमूर्तीच्या खुर्चीत बसून, गळ्यात हार घालून ती फोनवर बोलते आहे. का? कारण तिच्या जागी बसायला दुसरं कुणी नाही. अध्यक्ष महोदय, आपण आपल्या भाषणात म्हणालात की कुणाच्याही जाण्याने संस्थेचं काम थांबत नाही. बरोबर आहे. आज ती गेलेलीच आहे असं धरून चाललोय आपण, आणि काम थांबलेलं नाही. ते तिच्याच कानाला लागलेलं आहे.

त्या मंगळवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी दारातच विचारलं, "काय झालं?"

"पुढच्या बुधवारी माझा निरोप समारंभ आहे. तुम्ही बोलायचं आहे."

"आणि पगाराचं?"

"तो विषय निघाला नाही."

मी हसले. मला वाटलं, तीही हसेल. ती चपला काढायच्याही विसरली. म्हणाली, "पैसे नाही म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं, बाई. पण त्यांनी 'का' म्हणून विचारलंच नाही. इतकी वर्षं मी अनोळखी माणसांना दार उघडेपर्यंत सोबत केली. मला कुणी एक मिनिटसुद्धा अडवलं नाही."

आणि मग म्हणाली, "आता जावंसंच वाटायला लागलंय."

मला राग आला तो या वाक्याचा. जायचं नसलेल्या माणसाला आपण जावंसं वाटायला लावलं. तेही भांडून नाही, फुलं देऊन. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हारांशी भांडायचं कसं?

उघडलं का, धाकटे? वडील ठीक आहेत? बरं. पाणी पी.

मंडळी, टाळ्या नकोत. आज टाळ्या फार झाल्या आहेत.

व्यवस्थापक साहेब मला खुणेने सांगताहेत की आपण आत बसून बोलू. साहेब, आत बसून बोलण्याचे चार प्रसंग येऊन गेले आहेत. मी आता इथे काय मागते ते सर्वांसमोर सांगते. तिचं दुसरं वाक्य आपण ऐकलं आहे: रिकामी जागा भरावी आणि तिचा पगार सव्वापट करावा. त्यावर हो किंवा नाही, एवढंच हवं आहे. नाही म्हणण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे, आणि नाही म्हणालात तर मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. ती तिकडे जाईल, आणि तिकडच्यांनी सहा मिनिटांचा नियम सांभाळावा, कारण ती काही तो पाळायची नाही.

आपण सर्वांनी माझं बोलणं उठून न जाता ऐकून घेतलं याबद्दल मी आभारी आहे. समितीने खुर्च्या वेळेत मांडल्या, ध्वनिवर्धक चालू ठेवला, आणि मधल्या काळात तो बंद करण्याचा मोह आवरला, त्यांचेही आभार. माझी जीभ तिखट आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर वयाकडे बघून पोटात घालावं. मागणी मात्र पोटात घालू नये.

अध्यक्ष महोदय, उत्तर आपल्या सहीने, लेखी, धाकट्या बाईंच्या नावे, शुक्रवार, सोळा मे, दुपारी चारच्या आत मिळावं. विमा कंपनीला तिने त्याच दिवशी पाच वाजता कळवायचं आहे. मधला एक तास मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे. आपण हो लिहिलंत तर तिला तिकडे नीट शब्दांत नकार लिहायला, आणि नाही लिहिलंत तर टेबल आवरायला. दोन्हीला साधारण तेवढाच वेळ लागतो.