सोमवारचा भोंगा

योगिनी : नाही म्हणजे नाही, प्रज्वल. ते गाणं आज इथं वाजणार नाही.

प्रज्वल : ताई, काल साताऱ्यात चार वेळा वाजवलं. उद्या लातूर, परवा कोल्हापूर. सगळीकडं तेच मागतात. आणि ज्या कंपनीच्या भोंग्यावर ते बनलं, तिथंच खंडेनवमीला वाजवायचं नाही?

योगिनी : म्हणूनच नाही.

हनीफ : दीदी, स्पीकर लावून माझी कंबर गेलीय. आता भांडण नका लावू.

योगिनी : हनीफभाई, तुम्हाला माहीत नाही. हा इथं ट्रेनी होता, तेव्हा गॅसगळतीचा भोंगा दर सोमवारी दहाला वाजवून तपासायचे. यानं तो मोबाइलवर पकडला आणि गाण्यात घातला.

प्रज्वल : घातला काय, अख्खं गाणं त्याच्यावर उभंय! भोंगा चढत जातो, पब्लिक हात वर करून खाली बसतं, ढोल पडला की उडी. राव, अंगावर काटा येतो.

योगिनी : माझ्याही आला. गेल्या महिन्यात पेंट शॉपमध्ये खरंच गॅस सुटला, भोंगा झाला. सेफ्टीची म्हणून मी धावत गेले. लाइनवरची पोरं हात वर करून खाली बसलेली, प्रज्वल. हसत होती. ढोलाची वाट बघत होती. एकेकाची कॉलर धरून बाहेर काढलं मी.

हनीफ : या अल्ला.

प्रज्वल : मग मला सांगायचंस ना.

योगिनी : चार फोन केले. दर वेळी तू शोमध्ये.

प्रज्वल : अगं, मग भोंगाच बदला की!

योगिनी : अर्ज दिलाय. दिवाळीनंतर बघू म्हणाले.

प्रज्वल : आणि आपले अप्पा कुठायत? पूजेला दिसले नाहीत.

योगिनी : आत, पेंट शॉपच्या ओव्हनवर. सगळ्या मशिनींना हार घालून सुट्टी, तो एक चालू. उद्या माल जायचाय. सकाळपासून वास येतोय म्हणत होते.

प्रज्वल : कसला वास?

योगिनी : साहेब म्हणाले, थिनरचा असेल. मी आता पुन्हा बघायलाच निघाले होते, तर तुझं हे.

हनीफ : भाई, मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली. 'आपल्या कंपनीचं गाणं लावा.' आणि पब्लिक बघ, शेडच्या दारापासून गेटपर्यंत पाय ठेवायला जागा नाय. नाय वाजवलं तर आपल्यालाच वाजवतील.

प्रज्वल : ताई, ऐक. भोंगा कापतो. तेवढी जागा रिकामी ठेवतो, एकदम शांत. मग थेट ढोल. हे बघ, कापला. चालेल?

योगिनी : शपथ घे.

प्रज्वल : अप्पांची शपथ.

(गाणं सुरू. यापुढचं सगळं बोलणं ओरडून.)

हनीफ : वा भाई! आता तुझी ती शांत जागा येईल, बघ. तीन, दोन, एक...

योगिनी : प्रज्वल! शपथ घेतलीस ना तू?

हनीफ : कापला म्हणाला होतास रे!

प्रज्वल : कापलाय! स्क्रीन बघ ना, तिथं काहीच नाही!

हनीफ : मग हा येतोय कुठून?

योगिनी : बंद कर! सगळं बंद कर, अप्पा आत आहेत!

प्रज्वल : केलंय, ताई. बटणावरून हात काढलेत मी. सगळं बंद आहे.

योगिनी : माइक घे! दार मोकळं करायला सांग. आतल्यांना दुसरी वाट नाही!

प्रज्वल : ऐका! पळा! गेटकडं पळा! हे गाणं नाही, मी वाजवत नाहीये! दार सोडा, माझे वडील आत आहेत! ... हनीफ, हलत का नाहीत हे? ऐकू येत नाही का त्यांना?

हनीफ : येतंय, भाई. खाली बसलेत सगळे.