डॉक्टरांच्या गाडीची फळी

...आता मला सांगा, तोंडात कापसाचे दोन बोळे, जिभेवर आरसा, दाढेत ते घुंईं करणारं यंत्र, अशा अवस्थेत माणूस 'नाही' म्हणणार कसा? म्हणून बघा एकदा. नुसतं 'आं' निघतं. आणि आमचे दाताचे डॉक्टर, हात सोन्याचा, स्वभाव लाखातला, पण 'आं' म्हणजे 'हो' असं धरून चालणारा माणूस. मी आपला छताकडे डोळे लावून पडलोय, आणि हे दाढ कोरता कोरता बोलतायत, "काय झालंय मिस्त्री, गाडीला मागे मी स्पॉइलर बसवला. आता मागची बाजू कशी, रस्ता धरून असते. पण पुढची हलकी पडली हो. मोठ्या वळणावर वेगात शिरलो की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. तेव्हा पुढे, बंपरच्या खाली, एक स्प्लिटर हवा. म्हणजे फळीच, प्लायवुडची. तुम्ही करून द्याल, हो ना?"

"आं," मी म्हटलं.

"छान. रविवारी गाडी आणतो. चूळ भरा."

तुम्हाला सांगतो, मी सुतार माणूस. दारं, कपाटं, टेबलं, फार तर जिन्याचा कठडा. वाऱ्याशी माझा संबंध खिडकीपुरता. तोही वारा आत येऊ नये एवढाच.

रविवारी गाडी दुकानापुढे उभी. दोन माणसांची, लालभडक, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी रस्त्यावर बसायचं आणि मग सरकत सरकत आत जायचं. ही गाडी घेऊन डॉक्टर सुटीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर जातात, घड्याळ लावून गोल गोल फिरतात आणि निघाले तिथेच परत येतात. हौस, दुसरं काय. मागे डिकीच्या काठावर तो स्पॉइलर, वळलेल्या मिशीसारखा. मी विचारलं, "हा काय करतो?" झालं, डॉक्टर फरशीवर मांडी घालून बसले. म्हणे वारा टपावरून येतो, मागच्या उतारावरून घसरतो, आणि घसरता घसरता गाडीचं बूड वर उचलतो. ही पट्टी त्याला मध्येच अडवते. घसरू देत नाही. बूड खाली राहतं. मी म्हटलं, "आणि तोंड?" "तेच तर," डॉक्टर म्हणाले, "तोंडाचंच दुखणं आहे." दाताचा डॉक्टर, दुसरं काय बोलणार?

पुढे फळी का, तेही ऐका. समोरून येणारा वारा बंपरवर आदळतो, थबकतो, तिथेच साचतो. तो साचलेला वारा फळीवर वरून दाबतो. फळीखाली जमिनीपर्यंत अरुंद फट, त्यातून वारा धूम पळतो, आणि पळणाऱ्या वाऱ्याचा दाब कमी. वरून दाब, खालून ओढ. पुढची चाकं रस्त्याला घट्ट. आता हे मला पटायला नको होतं, पण पटलं. फटीतून वारा किती जोरात सुटतो हे सुताराला कुणी शिकवायला हवं का? निम्मी गिऱ्हाइकं खिडकी शिट्टी वाजवते म्हणून तर माझ्याकडे येतात.

मग मी फळी केली, आणि काय केली म्हणून सांगू... उत्तम प्लाय, कडा गोल, वर अक्रोडी पापुद्रा, तीन हात पॉलिश. तोंड बघून भांग पाडावा अशी. डॉक्टरांनी हात फिरवला आणि चेहरा असा केला, जसा ते कीड सापडल्यावर करतात. "मिस्त्री, ही रस्त्याला घासणार आहे." घासणार? माझं पॉलिश? "हो, आणि दगड लागणार." तुम्ही पोरीला नटवून सजवून पाठवायचं आणि सासरी तिला कोळसा फोडायला बसवायचं, तसला प्रकार. बरं, बसवली. बंपरला आठ स्क्रू. डॉक्टर म्हणाले, "आता मी हिच्यावर उभा राहतो. माणसाचा भार पेलला तरच वाऱ्याचा पेलेल." आणि राहिले उभे. फळीला काही झालं नाही. बंपर खाली आला. डॉक्टरांसकट.

बंपर म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं टरफल असतं हे मला कोण सांगणार? मी सुतार माणूस, माझा संबंध खिडकीपुरता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. सोमवारी डॉक्टरांच्या मिसेस आल्या. शाळेत भूमिती शिकवतात, आवाज कधी चढवत नाहीत, गरजच पडत नाही. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, मैदानावरच्या त्या मोठ्या वळणावर गेल्या महिन्यात ह्यांची गाडी सरळच गेली होती. वळलीच नाही. गवतात थांबली म्हणून बरं. आता तुमच्या फळीच्या भरवशावर ते आणखी जोरात जाणार. तेवढं लक्षात असू द्या."

एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझं कपाट कुणाच्या अंगावर पडलेलं नाही, पण त्या दिवशी मी ताट अर्धं टाकून दुकानात गेलो. पहिली फळी बाजूला ठेवली. नवी कापली, साधी, जाड, दोन्ही बाजूंनी पाणी न शिरणारा लेप. बंपर परत जागेवर चढवला, गाडीखाली पाठीवर सरपटत गेलो, खालच्या लोखंडी सांगाड्याला कोन बसवले, पुढून दोन सळया वर ताणून घेतल्या. नट आवळले, पुन्हा आवळले, चहा पिऊन येऊन तिसऱ्यांदा आवळले. बाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, चप्पल काढली, फळीवर उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. फळी हूं की चूं नाही. "बरं," म्हणाल्या. तो 'बरं' ऐकून मला कसं वाटलं म्हणून सांगू, गणितात पास झाल्यासारखं.

एवढ्यावर सुटका? छे. डॉक्टरांना लोकर हवी. आमची ही माझ्यासाठी स्वेटर विणत होती, तिच्या पुढ्यातला गुंडा उचलला, बोटाएवढे तुकडे केले आणि गाडीभर चिकटवले. म्हणे वारा डोळ्यांना दिसत नाही, लोकर दिसते. तुकडे सपाट निजले तर वारा चिकटून चाललाय, नाचले तर सुटलाय. ही म्हणाली, "त्यांच्या गाडीला ऊब, आणि तुम्हाला एकच बाही."

मैदानावर मला बाईंच्या शेजारी बसवलं, त्यांच्या घरच्या गाडीत. डॉक्टर पुढे, आम्ही मागे, मी लोकरीवर नजर ठेवायची. बाईंनी गाडी अशी सोडली की माझ्या पायांनी आपोआप ब्रेक शोधायला सुरुवात केली. "काय दिसतंय?" "टपावरची निजलीय," मी म्हटलं, "काचेवरचीही निजलीय, स्पॉइलरपाशी नाचतेय." "आणि पुढे मोठं वळण आहे," बाई म्हणाल्या. डॉक्टर आत शिरले. तोंड वळलं. अगदी सुरीने कापल्यासारखं वळलं, माझी फळी जिथल्या तिथे, आणि मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर मागची बाजू म्हणाली मीही येते, आणि गरगर... एक फेरी, दीड फेरी, गाडी गवतात, आमच्याकडे तोंड करून उभी.

बाई धावल्या, मी धावलो. डॉक्टर दार उघडून सरपटत बाहेर आले, केसांत गवत, चेहऱ्यावर बत्तीशी. "मिस्त्री, पुढचं एकदम पक्कं! आता मागचं कमी पडतंय. स्पॉइलर वाढवावा लागेल."

"आणि तो वाढवला की?"

"मग पुढचं थोडं कमी पडेल. तोल साधेपर्यंत चालायचंच."

मी आशेने बाईंकडे बघितलं. म्हटलं, आता ह्या माणसाला कुणीतरी चार शब्द सुनावणार. बाईंनी नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं, हातपाय जागच्या जागी आहेत याची खात्री करून घेतली. मग सावकाश आपल्या घरच्या गाडीकडे गेल्या, पुढे वाकल्या, बंपरखाली हात घालून वितीने मोजलं आणि मला म्हणाल्या, "मिस्त्री, हिला किती रुंद बसेल हो?"

तोंड रिकामं होतं. कापूस नाही, आरसा नाही, काही नाही. 'नाही' म्हणायला सगळी मोकळीक होती...

"टेप धरा त्या टोकाला," मी म्हटलं.