सोमवारच्या चौकशीआधी झालेल्या मारहाणीबाबत

जबाब देणार : पदार्थविज्ञानाचे अध्यापक, वय ५३ वर्षे, व्यवसाय विद्यापीठात नोकरी, राहणार विद्यापीठ वसाहत, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारलेल्या प्रश्नांवरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवतो. मी तापट आहे, असे विभागात म्हणतात. ते खोटे नाही. मात्र आज मी कोणावरही हात उचललेला नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अहवाल तपासताना, त्यातला काही भाग तिचा स्वतःचा नसावा असा मला संशय आला. संशय कशावरून आला ते मी येथे सांगणार नाही. ते मी विभागप्रमुखांना लेखी दिले आहे. माझे एक सहकारी म्हणाले, "कशाला उगाच विकतचं दुखणं घेता? गुपचूप दहा गुण कापा आणि मोकळे व्हा." मी नाही म्हणालो. विचारपूस न करता गुण कापणे म्हणजे शिक्षा आधी आणि गुन्हा मागाहून.

गुरुवारी मी तिला प्रयोगशाळेत बोलावले. दार उघडे ठेवले. प्रयोगशाळा सहायक लांबच्या बेसिनशी काचसामान धूत होते, म्हणजे त्यांना आम्ही दिसत होतो पण ऐकू येत नव्हते. मी तिला सांगितले की मला शंका आहे, मी काही ठरवलेले नाही, सोमवारी चौकशी समितीपुढे मूळ नोंदी घेऊन ये आणि हवे तर कोणाला सोबत आण. ती रडली नाही. "सर, घरी कळवणार का?" एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, "नाही. तू आता मोठी आहेस." ती निघून गेली.

विभागाच्या कारकुनाने आज सकाळी निकाल फलकावर लावला आणि तिच्या क्रमांकापुढे 'चौकशीमुळे राखून ठेवला' असे लिहिले. असे लिहू नका, हे मी त्याला बजावले होते. पालथ्या घड्यावर पाणी. कोणीतरी ते तिच्या वडिलांच्या कानावर घातले. वडील बांधकामाचे ठेकेदार आहेत. दुपारी प्रात्यक्षिक चालू असताना ते आत आले. तीसेक मुले समोर होती.

ते म्हणाले, "माझी मुलगी चोर आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

मी म्हणालो, "ते ठरलेलं नाही. आपण बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? बदनामी चारचौघांत केलीत, आता 'नाही' पण चारचौघांत म्हणा."

मला 'नाही' म्हणता येत नव्हते आणि 'हो' म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी त्यांना बाहेर नेण्यासाठी दाराकडे वळलो. त्यांनी कॉलर धरून मला ठोसा मारला. मी टेबलाच्या कडेवर आदळलो. खालचा ओठ फाटला आणि पुढचा एक दात तुटला. सहायकाने आणि दोन मुलांनी त्यांना धरले. दवाखान्याचा दाखला सोबत जोडला आहे.

येथे आल्यावर साहेबांनी, शिकलेली माणसे आहात, मिटवून टाका, असे सुचवले. मी तयार झालो होतो. तक्रार करून दात काही परत उगवणार नव्हता, आणि बाप म्हणून त्यांचा राग मला कळत होता. मी तसे लिहून देणार एवढ्यात ती मुलगी तिच्या मावशीसोबत आली.

वडील बाकावर बसलेले पाहून तिने टेबलाजवळ येऊन मोठ्याने एक वाक्य म्हटले. हवालदार ते लिहून घेऊ लागले. मी त्यांना थांबवले. ते म्हणाले, "सर, हे तर तुमच्याच फायद्याचं आहे." मी म्हणालो, "बाप पोलीस ठाण्यात बसलाय. त्याला सोडवायला ती पोर खून केला असंही म्हणेल." म्हणून ते वाक्य माझ्या जबाबात घेऊ नये.

परंतु वडिलांनी ते ऐकले आणि त्यांना ते तत्काळ खरे वाटले. ते उठले. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. चल घरी, तिथं बघतो तुला." असे म्हणून त्यांनी तिच्यावर हात उगारला. ती मागे सरली नाही, तिने फक्त डोळे मिटून मान खाली घातली. मी मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "दुपारी ती निर्दोष म्हणून मला मारलंत. आता ती दोषी म्हणून तिला मारताय. दोन्ही वेळा तिला एका शब्दानं तरी विचारलंत का?"

ते म्हणाले, "माझी मुलगी आहे. मी बघून घेईन."

म्हणून मी तक्रार मागे घेत नाही. माझ्या दातापुरते होते तोवर मिटवायची माझी तयारी होती. मुलीने सोमवारपर्यंत मावशीकडे राहावे असे मावशीचे आणि तिचे म्हणणे आहे. पोलिसांनी त्या दोघींना मावशीच्या घरापर्यंत पोहोचवावे, अशी माझी विनंती आहे.

सोमवारच्या समितीत मी बसणार नाही, असे विभागप्रमुखांना फोनवर कळवले आहे. मी ते वाक्य ऐकले आहे. ऐकलेच नाही असे समजून तिच्याकडे बघणे मला जमेल असे वाटत नाही. ज्यांनी ते ऐकले नाही, त्यांनी तिचे म्हणणे ऐकावे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. एका ठिकाणी ते वाक्य तरीही लिहिले गेले होते. ते वाचता येणार नाही असे खोडून घेऊन त्याशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.