बुडावरची तारीख

(इंदूर, पलासिया. एका संशोधन संस्थेतली चारुलता मॅडमची प्रयोगशाळा. तीन वाजता समितीची बैठक आहे.)

संहिता: पत्र गेलं का मॅडम, एवढंच सांगा.

चारुलता: तीन वाजता मी स्वतः घेऊन जाणार आहे. आणि या टोनमध्ये माझ्याशी बोलायचं नाही.

संहिता: अकरा महिने चांगल्याच टोनमध्ये बोलले ना. काय मिळालं? निष्काळजी आहे, हाताला सफाई नाही, पिपेट धरता येत नाही. आणि आज त्या पत्रात माझी पीएच.डी. बंद, प्रोजेक्ट अर्पितला. जो जानेवारीत आलाय.

चारुलता: मग काय लिहू? आपल्या पेशींतला जीन डॉक्सी हे औषध दिलं तरच चालू होऊन हिरवा चमकायला हवा. औषध नाही तर प्लेट अंधारी. तुझी प्लेट औषधाशिवाय हिरवी चमकते. एकदा नाही, बावीस वेळा. मतलब कुठून तरी डॉक्सी आत जातेय, आणि त्या प्लेटांना हात फक्त तुझा लागतो.

संहिता: औषध जातंयच. पण माझ्या हातून नाही. सीरममधून.

चारुलता: काहीही. पेशींना घालतो ते सीरम आपण खास मागवतो. बाटलीवर हिरवं स्टिकर आहे, टेट-फ्री. म्हणजे त्यात तसलं औषध नाहीच.

संहिता: स्टिकर आहे. पांडुरंगजी, जरा इकडे या ना. या दोन बाटल्या कोणी भरल्या?

पांडुरंग: मीच भरल्या बेटा. वीस साल झाले, या लॅबच्या बाटल्या दुसरं कोण भरतं?

संहिता: आणि बुडाला मार्करने तारीख?

पांडुरंग: ती पण मीच. आमची आई लोणच्याच्या बरणीखाली लिहायची, तीच आदत लागून गेली. वरचं लेबल भिजून निघून जातं, बुडाला कोण हात लावतो?

संहिता: बघा मॅडम. ही मागच्या जुलैच्या खेपेतली, रोज वापरतोय त्यातली. ही ऑगस्टची, फ्रीझरमध्ये मागे होती, अजून कोणी उघडलीच नव्हती. दोन्हींवर हिरवं स्टिकर. दोन्हींत त्याच पेशी वाढवल्या, डॉक्सीचा एक थेंब नाही. ऑगस्टची प्लेट काळीकुट्ट. जुलैची हिरवी. हे फोटो.

चारुलता: एकदाच केलंस?

संहिता: तीनदा. तिसऱ्यांदा सगळं अर्पितने लावलं. मी खोलीत पण नव्हते.

चारुलता: पांडुरंग, जुलैत तुम्ही काय भरलं होतं?

पांडुरंग: मॅडमजी... ते खासवालं कस्टममध्ये अटकून पडलं होतं. तुमची दिल्लीची कॉन्फरन्स डोक्यावर. तुम्ही बोलल्या, साधं भरून टाका, सीरम म्हणजे सीरम. मी तर बोललो होतो, हिरवे स्टिकर लागून गेले आहेत. तुम्ही बोलल्या, राहू द्या. मग ऑगस्टात खरं आलं, ते मी मागे लावून दिलं. जुनं आधी संपवायचं ना.

चारुलता: मी दहा दिवसांपुरतं म्हटलं होतं.

संहिता: मला म्हटलं होतं? एका वाक्याचं काम होतं मॅडम. तुम्ही तीस वर्षं यीस्ट वाढवलं. तिथे खायला काय द्यायचं ते आपणच पावडरी मोजून बनवतो. ग्लुकोज घातलं की जीन बंद, गॅलॅक्टोज घातलं की चालू, मध्ये तिसरं कोणी येत नाही. हे सीरम गुरांच्या रक्तातून येतं. गुरांना टेट्रासायक्लिन देतात, ते डॉक्सीचं सख्खं भावंड. मी रोज तेच पाजत होते पेशींना, आणि रोज हात धूत होते. स्पिरिटने साल निघालीये हातांची, बघा. आईला सांगून बसले होते, माझ्यातच काही खोट आहे म्हणून.

चारुलता: आवाज खाली घे.

संहिता: नाही घेणार.

चारुलता: मग तीन वाजता पाच लोकांसमोर काय सांगू? चारुलताला सीरममधला फरक कळत नाही?

पांडुरंग: मॅडमजी, माझं नाव लिहा ना. पांडुरंगनं स्टिकर चुकवलं म्हणून. दोन महिन्यांत मी रिटायर होतोय, माझं कोण काय करणार?

संहिता: तुम्ही गप्प बसा पांडुरंगजी. दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन अकरा महिने फिरले मी, कसं वाटतं ते मला विचारा. मॅडम, त्या पत्रात यांचं नाव आलं तर मी दोन्ही बाटल्या समितीच्या टेबलावर नेऊन ठेवीन.

चारुलता: धमकी देतेस?

संहिता: हो, देतेय. राग आलाय मला. तुमच्याकडे शिकायचं म्हणून पुण्याची सीट सोडली होती मी.

चारुलता: मला नाही आला राग? बावीस प्लेटा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. दुसऱ्याच्या लॅबमध्ये असं झालं असतं तर पहिला प्रश्न सीरमचा विचारला असता. इथे मी फक्त तुझे हात बघत बसले.

पांडुरंग: दोन चाळीस झाले मॅडमजी.

चारुलता: ते पत्र फाडा पांडुरंग. आणि एक कोरा कागद द्या. नाही, टाइप नको, हातानेच लिहिते. "माझ्या तोंडी सूचनेवरून..." संहिता, ती बाटली उलटी कर. तारीख सांग.