चाळीस चादरी

नाही, म्हणजे हे तुम्हाला सांगायचंच नव्हतं, मावशी — आईनं बजावलंय, लाँड्रीतलं लाँड्रीतच राहू दे — आणि मी तशी बोलतही नाही कुणाशी, वर्गात हजेरी घेताना बाईंना माझं नाव दोनदा पुकारावं लागतं. पण तुमचं ब्लँकेट सुकेपर्यंत तुम्ही इथे बाकावर बसणार, आणि गुडघा असा चोळताय की मला राहवत नाही. अकरा वर्षं ना? लष्करी तळाच्या फाटकासमोर, 'अण्वस्त्रं घेऊन जा' असा फलक धरून, अकरा वर्षं. तर — नेली. नेली म्हणजे नेलीच. दोन वर्षं होतील आता. चहा घ्या ना, गार होतोय.

मला कसं कळलं? चादरींवरून. हसू नका, ऐका तर. तळावर पहारेकरी दोन प्रकारचे — फाटकावर आपले, आणि आत कोठाराशी मित्रदेशाचे. स्वतःचे बाँब ते दुसऱ्या कुणाला राखू देत नाहीत — ज्यांच्या रक्षणासाठी ठेवलेत म्हणतात, त्यांनासुद्धा नाही. कोठारावरच्या त्या चाळीस जणांच्या चादरी आमच्याकडे यायच्या, निळ्या काठाच्या. आता आईची एक सवय आहे — इस्त्री झाली की घडीच्या कोपऱ्याला एक कच्चा टाका घालते, गाडीत गठ्ठा विस्कटू नये म्हणून. चादर अंथरायची तर टाका तुटणारच. तर एका सोमवारी गठ्ठा आला, चाळीस चादरी, आणि चाळीसही टाके जसेच्या तसे. आईला वाटलं, धुतलेलाच चुकून परत आला. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी ती तळावरच्या भांडाराच्या साहेबांकडे गेली — साहेब, यांच्यावर कुणी झोपलेलंच नाही हो. तर म्हणतात कसे, "बाई, तुमचं काम धुण्याचं, लोकांच्या झोपेची चौकशी तुम्हाला कशाला?" — आणि उठून दार लावून घेतलं.

दार लावल्यावर मात्र सगळं सांगितलं. आपल्यावर हल्ला झाला तर मित्रदेश आपल्यासाठी बाँब टाकणार, असा करार आहे — सर त्याला छत्री म्हणतात, त्या धड्यात मला दहापैकी नऊ मिळाले — पण पलीकडच्या देशाला ते खरं वाटायला हवं ना? ते टेकडीवरून दुर्बीण लावून बसलेत. बाँब काही कुणाला दिसत नाहीत, गाडीतले गठ्ठे दिसतात. म्हणून, धूत राहा बाई. आणि चादरी थांबल्या तर मग लाँड्री तरी कशाला ठेवायची, हे अगदी मऊ आवाजात. घरात मिळवणारी आई एकटीच, मावशी.

पण स्वच्छ चादर धुवायची म्हणजे आईच्या अगदी जिवावर येतं — तिला ती फसवणूक वाटते. मग आता ती त्या थोड्या थोड्या करून घरी आणते आणि आम्ही वापरतो. चादरी चाळीस, माणसं तीन. आजी दिवसातून दोनदा बदलते, म्हणते, म्हातारपणी का होईना, राणीसारखं झोपायला मिळालं. माझ्याकडून एकीवर शाई सांडली, मी घाबरले — तर साहेब खूश! म्हणाले, आता कशी खरी वाटते.

मोडून टाकले का? नाही, मोडले असं कुणीच म्हणालं नाही. हलवले. कुठल्याशा पाणबुडीत ठेवलेत म्हणे. माणसं गेली एवढंच चादरीवरून कळतं, बाँबचं काय केलं ते नाही कळत... अशा का बघताय? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. घरी जाल. नातू चालायला लागलेला फोटोतच पाहिला, असं तुम्हीच म्हणालात ना मघाशी.

अहो, फलक घेऊन कुठे निघालात? वर्तमानपत्राच्या कचेरीत? नको, नको — बसा ना. तुम्हाला इतक्या वर्षांत फाटकावरून कुणी हाकललं नाही, ते का, माहितेय? हेही सांगायचं नव्हतं. पहारेकऱ्यांना ताकीद आहे, त्या बाईंना हात लावायचा नाही. साहेब म्हणतात, चादरींपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त — रिकाम्या कोठारासमोर रोज कोण येऊन बसेल? पलीकडचे तुम्हाला बघतात आणि निश्चिंत — म्हणजे निश्चिंत नाही, तेच, घाबरतात. थंडीत तुमच्या शेकोटीला लाकडं कोण टाकून जायचं, तुम्हाला काय वाटलं? भांडारातून यायची ती.

मावशी, मी वाईट म्हणून नाही सांगितलं. पण हे छापून आलं की आईचं काम गेलं. आणि पलीकडच्यांना कळलं तर पुढे काय, ते मी सरांना विचारलं — वर्गात नाही, जिन्यात — ते म्हणाले, परीक्षेला नाही ते. आणि तुम्ही काही न बोलता नुसत्या घरी गेलात, तरी साहेब विचारणारच, बाईंना कुणी सांगितलं? आणि सोमवारच्या चादरींचं माहीत असलेलं माणूस त्यांच्या लेखी एकच, आई. म्हणजे मला असं वाटतं, निदान माझी शाळा संपेपर्यंत — दोनच वर्षं — तुम्ही सकाळी — आले गं आई! — तुम्ही तिथेच, फाटकापाशी बसत राहा — अगं काही नाही, आलेच! — मावशी, खरं सांगा, उद्या तुम्ही —